पंख्यातली रुई

अकोल्यात आमचं घर कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग फॅक्टरीच्या भिंतीला लागून आहे. उडालेली रुई मुलीच्या कॉम्प्युटरमध्ये शिरते, ग्राफिक्स कार्ड तापतं आणि हंगाम संपला की मी ते बसस्टँडमागच्या दुरुस्तीवाल्याकडे नेतो. पाच वर्षं झाली, त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पंख्यातली रुई तो चिमट्याने काढतो, कागदाच्या पुडीत बांधतो आणि वर साल लिहितो. कशासाठी, ते मला कळत नसे.

यंदा कार्डचं तापमान पंच्याण्णव अंशांवर जाऊन पडदा काळा झाला. मुलीला इमारतीचे नकाशे सोमवारी कॉलेजात द्यायचे होते, त्यातले दोन बाकी होते.

"रुईच अडकली असेल," मी म्हणालो.

त्याने कार्ड उघडलं. "कायची रुई, भाऊ? पंख्याचं बेअरिंग गेलं. तुमी उगाच जिनिंगले बोल लावून राहिले."

त्याने दुसरा पंखा बसवला आणि कार्ड अर्धा तास चालवलं. आकडा बहात्तरवर स्थिरावला. नकाशे होणार होते.

मग त्याने जुन्या चार पुड्या काढून ओळीने मांडल्या. प्रत्येक पुडी आधीच्या सालच्या पुडीपेक्षा बारीक होती. यंदाच्या पाचवीत, काढलेल्या पंख्यातली जेमतेम चिमूटभर रुई पडली.

"औंदा जिनिंग किती दिवस चालली?"

"तेवीस," मी म्हणालो. पूर्वी चार-चार महिने चालायची; यंदाचे दिवस मीही मोजले होते.

त्याने पुडीवर साल लिहिलं आणि कार्ड माझ्या हातात दिलं.

"पुढल्या साली पंखा पुरा चोंदवून आणजा, भाऊ."

हे म्हणताना तो हसला नाही.