गौराबाईच्या न्हाणीचा कोपरा

कुंभिवलीच्या गौराबाईला काळजी दोनदा बोलून दाखवायची सवय होती. एकदा गावाला ऐकू जावी म्हणून, एकदा स्वतःला पटावी म्हणून.

"पोर घसरंल. घसरंल गं पोर!"

पोर म्हणजे लेक आवडी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. घसरायची जागा म्हणजे परसातली न्हाणी. कुडाच्या भिंती, खाली शेवाळलेले दगड, मधे चिखल.

नवरा कोंडाजी कर्जतला रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यावर पाणी भरायचा. तिथली न्हाणी पाहिल्यापासून तो घसा खाकरल्याशिवाय बोलेनासा झाला होता.

"अहं! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशी. मातीचा कण दिसायचा नाय. साहेबाकडं अशीच हाय." अंगणात कोळशानं त्यानं सगळं आखलं. चूल इथं, हंडा तिथं, सांडपाणी केळींना.

गवंडी धोंडीनं मान हलवली. "झालंच म्हणून समजा."

गौराबाई त्या रेघांवरून बोट फिरवत गेली आणि एका कोपऱ्यात थबकली.

"आन् वार कुठं पुरायची?"

त्यांच्याकडं बाळंतिणीची वार, बाळामागून पडणारी, न्हाणीच्या कोपऱ्यात पुरत. वरून अंघोळीचं पाणी पडत राहिलं की लेकराला धग लागत नाही, असं सगळ्या बाया मानत. आवडीच्या जन्माची वारही तिथंच होती.

"अहं! परसात जागा कमी हाय का?"

"परसात कुत्री उकरत्यात. उकरत्यात कुत्री!"

"अगं, साहेबाकडं—"

"साहेबाच्या मडमेची वार कुठं पुरली, इचारलंत का तुमी?"

कोंडाजीनं घसा खाकरला आणि कोळसा उचलून केळींची रेघ पुन्हा गिरवली.

दुसऱ्या दिवशी धोंडी पहार घेऊन आला, तर गौराबाई कोपऱ्यात पाट टाकून बसलेली.

"वैनी, उठा."

"नाय उठत."

"कोपरा उघडा ठेवला तर चिखल होणार. मंग पोर घसरणारच की."

गौराबाईचा चेहरा उतरला. फरशी घालावी तर माती बंद, न घालावी तर चिखल. ती पाटावरच डोळे पुसू लागली.

दाराला टेकून उभी असलेली आवडी म्हणाली, "आये, तेवढी एक फरशी चुन्याबिगर बसवा. सांद्यातून पाणी मुरंल. लागंल तवा उचलायची."

"झालंच म्हणून समजा," धोंडी म्हणाला.

"समजत नाय मी. उचलून दाव!"

त्यानं फरशी बसवली, उचलून दाखवली, परत बसवली. गौराबाई तिच्यावर उभी राहून सगळा भार देऊन डुलली. फरशी हलली नाही. तरी रोज सकाळी आवडीच्या आधी ती त्या फरशीवर जाऊन उभी राहायची.

कळा सुरू झाल्या तेव्हा सुईण आत गेली आणि गौराबाई न्हाणीत धावली. बोटं सांद्यात घालून तिनं फरशी ओढली. निघाली. खालची माती ओली, गार होती. तिच्यावर तळहात टेकून ती बसली. घरातून आवडीचा आवाज येत होता, मधेच थांबत होता. थांबला की गौराबाई मातीवरचा तळहात आणखी दाबायची.