आक्काच्या मांडीवरची बंदूक

आमच्या कोरेगाव भागात फौजेतून पेन्शनीवर आलेल्या माणसाला सगळे ‘मेजर’ म्हणतात, मग तो नाईक म्हणून का परतला असेना. मीही मेजर झालो. पुढे बारा बोअरची बंदूक घेतली, परवाना काढला आणि साताऱ्याच्या एका एजन्सीने मला गनमॅन म्हणून ठेवून घेतलं. काम झकास होतं. बँकेच्या दारात स्टूल टाकून बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालायचा. महत्त्वाचं म्हणजे बँकेत संडास-मोरीची सोय होती. जन्मभर ऊस पिकवणाऱ्या घराण्यातली साखर उतारवयात माझ्या रक्तात उतरली होती आणि मला घडीघडीला जावं लागायचं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे, म्हणून लाज सोडून आधीच लिहितो.

एक दिवस आम्हा चौघांना गाडीत घालून सांगलीला नेलं. विश्रामबागेत एका कंपनीचं ऑफिस होतं. त्या कंपनीने पूर्वेकडच्या दुष्काळी भागात गायरानावर सौरऊर्जेच्या प्लेटा बसवून कुंपण घातलं होतं आणि मेंढरांची तळ्यावर जायची वाट बंद झाली होती. तिथले धनगर ऑफिसच्या फाटकासमोर येऊन बसले होते. मागणी एकच, वाट सोडा. सोबत चार मेंढरंही आणली होती, ती कंपनीची हिरवळ निवांत खात होती.

“काका, काही करायचं नाही,” आमचा सुपरवायझर म्हणाला. “नुसतं दिसायचं. मिशा जरा वर घ्या.”

आम्ही खांद्याला बंदुका लावून उतरलो, तशी समोरच्या एका बाईने आपलं पोर पदराखाली ओढलं. मिशीला गेलेला माझा हात तिथेच थांबला. पण उभा मात्र राहिलो. थोड्या वेळात कडेची काही माणसं मुकाट्याने उठून बसस्टँडच्या वाटेला लागली. सुपरवायझर खूश झाला.

उरलेल्यांत सगळ्यांत पुढे माझ्याच वयाची एक बाई घोंगडं टाकून चातीवर लोकर कातत बसली होती. तिने मला खालून वर न्याहाळलं.

“आवं मेजर, कुणाला मारायला आलायसा?”

“कुणाला न्हाई, आक्का. ड्युटी हाय.”

“मंग उन्हात कशाला हुबं? हिकडं सावलीला या. हितनं बी आमी दिसतोय की.”

मागची माणसं हसली. मलाही हसू आलं. गाव विचारलं, तर तिची मेंढरं पूर्वी आमच्याच बाजूच्या रानांत बसायला यायची असं निघालं.

हे जरा सांगायला हवं. सुगी झाली की पूर्वेकडचे धनगर कळप घेऊन आमच्याकडे येतात. खतासाठी आम्ही रात्री मेंढरं रानात बसवून घेतो. मी लहान असताना आई बाजाराला निघाली की घराची किल्ली पालावरच्या धनगरणीच्या हातात देऊन जायची, आणि ती बाई कळपामागं निघाली की तिचं तान्हं पोर आमच्या सोप्यात असायचं. कधी सुईसुद्धा इकडची तिकडे झाली नाही.

तर दुपारी मला घाई झाली. ऑफिसच्या दारावरचा पोऱ्या म्हणाला, “काका, हत्यार घेऊन आत सोडत नाहीत. कंपनीचा नियम आहे.” म्हणजे फाटकाबाहेर बंदूक दाखवायला पैसे देणारी कंपनी आत मात्र बंदुकीला भीत होती. माझे तिघे सोबती मागच्या गेटला होते, सुपरवायझर फोन कानाला लावून कुठंतरी गेला होता. आणि माझा हात आपोआप पुढे झाला, आईचा किल्लीसकट व्हायचा तसा.

“आक्का, जरा धर.”

“भरल्याली हाय का?”

“न्हाई. काडतुसं खिशात हायती.”

“म्हंजे रिकामीच? आन् सकाळधरनं आमी उगंच भ्यालो व्हय?”

असं म्हणून तिने बंदूक मांडीवर आडवी घेतली आणि पोराला ऊन लागू नये तसा घोंगड्याचा पदर तिच्यावर ओढला.

परत आलो तर फाटकाशी कल्लोळ. सुपरवायझर ओरडत होता, दहा जणांचे मोबाइल वर होते, कोपऱ्यावरचे पोलीस धावत आले होते. सुपरवायझर बंदूक ओढत होता आणि आक्का दोन्ही हातांनी ती धरून बसली होती. “ज्याची हाय त्याच्याच हातात दिईन,” एवढंच ती म्हणत होती. मला पाहिल्यावर तिने लगेच बंदूक पुढे केली. “घ्या, मेजर. ह्यो बाबा मागत हुता, दिली न्हाई.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. शिपायाने आपलं हत्यार दुसऱ्याच्या हाती देणं याहून मोठी नामुष्की फौजेत नाही. नोकरी जाईल, परवाना जाईल हे डोक्यात आलंच. पण खरं सांगतो, त्याहून जास्त मी भ्यालो ते गावातल्या माजी सैनिकांच्या हसण्याला.

“भिंतीला टेकवून गेलो होतो,” मी म्हणालो, आणि पोलिसांनी तोच माझा जबाब म्हणून लिहून घेतला.

ओढाताणीत चातीवरचा धागा तुटला होता, तो आक्का जोडत बसली. तिच्यावर बंदूक पळवल्याचा गुन्हा दाखल झाला, आंदोलक हत्यारं घेतात अशी बोंब झाली आणि संध्याकाळपर्यंत फाटक मोकळं केलं गेलं. गावी येऊन चहाच्या गाड्यावर मात्र मी बंदूक कशी परत मिळवली ते रंगवून सांगितलं. दर खेपेला माझं शौर्य वाढत गेलं.

घरी तेच सांगितलं, तर बायको भाकरी थापायची थांबली. “मेंढरामागच्या बाईनं कवा कुणाची सुई उचलल्याली ऐकलीया का तुमी?” मी जेवलो आणि उठलो. साक्षीचं समन्स आलं तेव्हा डब्यात भाकरी बांधताना ती एवढंच म्हणाली, “सासूबाईंची किल्ली ध्यानात ठिवा.”

कोर्टात सरकारी वकिलांनी विचारलं, “बंदूक कोणी पळवली?”

“कोणी नाही. मीच दिली.”

“का?”

“लघवीला जायचं होतं, साहेब.”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. न्यायाधीशांनी मान वर केली. “ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं, त्यांच्याच हातात?”

“तिथं विश्वासाचं दुसरं कोणी दिसलं नाही, साहेब.”

आधीच्या खोट्या जबाबाबद्दल मला व्हायची तेवढी बोलणी झाली. पुढे आक्का सुटली. माझी नोकरी गेली, परवाना गेला, बंदूक जमा झाली. ते लोक पुन्हा बसले आणि त्यांना वाट मिळाली. पहिल्यापेक्षा अरुंद आहे, पण मेंढरं जातात. आता चहाच्या गाड्यावर मी दिसलो की कोणीतरी म्हणतंच, “काय मेजर, आता काठी कुणापाशी ठिवायची?” ज्या हसण्याला इतका भ्यालो, त्यात आता मीही हसतो, आणि चहा त्यांच्याकडून पितो.

त्या दिवशी साक्ष देऊन बाहेर आलो, तर आक्का व्हरांड्यात घोंगडं टाकून बसलेली.

“आक्का, चुकलं माझं.”

“लय येळ लावलासा, मेजर. दर तारखेला यष्टीनं यायचं म्हंजे मेंढरं लोकांच्या भरवशावर.” मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, “आन् आता असं तळमळत का हुबं? जायाचं हाय का? ठिवा ती पिशवी हितं.”

मी पिशवी आणि टोपी तिच्या मांडीवर ठेवली आणि निघालो. मागे दारावरचा हवालदार तिला विचारत होता, “ओ आजी, पिशवी कुणाची आहे? बघू.”

“ज्याची हाय त्याच्याच हातात दिईन,” आक्का म्हणाली.