पिन कुठी हाये?

भाऊ गेल्याचा फोन मलकापूरहून आला, तेव्हा मी बाबांना पेज भरवत होते. "छातीत कळ आली अन्..." एवढंच कानावर पडलं. पुढचे तीन आठवडे मी रडले, त्याच्या फोटोशी भांडले. पण खरी घाबरले ती परवा, कूलर बिघडला तेव्हा. पंखा फिरत होता, पाणी काही चढेना. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या कोरड्याठाक. खामगावचं ऊन, आणि पलंगावर बाबा, भाऊ गेल्यापासून चकार शब्द न बोललेले. मिस्त्री म्हणाला, "दोन दिवस तरी जमत नाही, ताई." या उन्हात बाबा दोन दिवस काढतील का? दर उन्हाळ्यात कूलरची पाणी चढवायची मोटर बदलायला भाऊच यायचा.

मी कूलरला का भिते, हे आम्हा दोघा भावंडांनाच ठाऊक. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी माहेरी, याच घरी आले होते. इथल्या बोर्डावर मोटरचं बटन उलटं बसवलेलं, वर केलं की चालू. माझा हात सासरच्या बटनांना सरावलेला. भाऊ म्हणाला, "सुमे, बटन बंद कर." ते आधीच बंद होतं; मी खटकन वर केलं, म्हणजे चालू. जळालेली मोटर आवाज कुठून करणार? त्यानं पाण्यात हात घातला आणि मागच्या भिंतीवर जाऊन आदळला. मी धावत जाऊन त्याला गदागदा हलवलं... डोळे उघडून पठ्ठ्या म्हणतो काय, "काऊन वं, पुरी इस्टेट पाह्यजे का तुले?"

कुणाला बोलला नाही कधी. पण तेव्हापासून त्याचा नेमच, आधी बोर्डातून मोटरची पिन उपसायची, शर्टाच्या खिशात ठेवायची आणि दर दोन मिनिटांनी ओरडायचं, "पिन कुठी हाये?" मी चिडून म्हणायचे, "तुह्या खिशात!" बाबा पलंगावरून हसायचे.

शेवटी परवा मीच नवी मोटर आणली. पिन काढली. मला कुठला खिसा! वायरीसकट ती पदरात गाठ मारून बांधली. गाठ तीनदा चाचपली, तरी हात पाण्यात जाईना. भाऊ, मेल्या, तू हवा होतास रे... तेवढ्यात मागून खोल गेलेला आवाज आला.

"पिन... कुठी हाये वं?"

मी वळून पाहिलं. बाबांचे डोळे माझ्या हातावर होते.

"माह्या पदरात, बाबा," मी म्हटलं आणि पाण्यात हात घातला.