साहेब येण्याआधीचा गोल

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाला तीन प्रशिक्षक होते आणि तिघांपैकी एकालाही फुटबॉल येत नव्हता. हे मी रागाने म्हणते, हे खरं. पण ते खोटं आहे असं बुलढाण्यातल्या कुणीही माझ्यासमोर येऊन म्हणावं.

पहिले क्रीडा संचालक. त्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो. त्यांचं सगळं आयुष्य कबड्डीत गेलं होतं, आणि जगातला कुठलाही खेळ ते कबड्डीवरूनच समजून घ्यायचे. ‘फुटबॉल म्हंजे काय? पायानं खेळाची कबड्डी!’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि पुढच्या तीन वर्षांत या ज्ञानात काडीची भर घातली नाही. सराव म्हणजे मैदानाला चकरा, मग बैठका, मग पुन्हा चकरा. चेंडू अगदी शेवटी मिळायचा, अंधारात दिसेनासा व्हायला लागल्यावर, कारण खेळल्याने चेंडू झिजतो असं त्यांचं मत होतं.

दुसरा तो कोच. संस्थेच्या अध्यक्षांच्या मेहुण्याचा मुलगा. कुठल्याशा शिबिराचं प्रमाणपत्र होतं त्याच्याकडे, आणि गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर गॉगल. संघाचा ट्रॅकसूट आमच्या अंगावर यायच्या आधी वर्षभर त्याच्या अंगावर होता. तो आमचे व्हिडिओ काढायचा. मला वाटायचं, चुका दाखवायला काढतो. तो ते गाणं लावून मोबाइलवर सगळीकडे टाकायचा. ‘किक मारताना जरा इकडं पाहत जा ना,’ एवढंच काय ते प्रशिक्षण मला त्याच्याकडून मिळालं.

तिसऱ्या मॅनेजर मॅडम. त्या गृहअर्थशास्त्र शिकवायच्या. मुलींच्या संघाबरोबर एक बाई लागते, म्हणून त्यांना आणून बसवलं होतं, आणि त्या खरोखरच बसून असायच्या. घडीची खुर्ची, छत्री, पर्समध्ये सेफ्टी पिना. ‘वेण्या घट्ट बांधा गं’ हा त्यांचा डावपेच. पोरी उपाशी तर नाहीत ना, हे मात्र त्याच विचारायच्या, हे कबूल करते.

मग आम्ही शिकलो कुठून? मोबाइलवरून आणि एकमेकींकडून. आमची गोलकीपर आणि मी रोज सकाळी मोठे सर उठायच्या आधी मैदानावर यायचो. ती अडवायची, मी मारायची. काळ्या मातीच्या त्या मैदानाला उन्हाळ्यात भेगा पडायच्या, चेंडू कुठे उडेल याचा नेम नसायचा. त्यामुळे असेल, पण माझे पाय तयार झाले. मी चांगली खेळायचे. उगाच नम्रतेचा आव आणत नाही.

तिसऱ्या वर्षाला माझा जीव टांगणीला लागला होता. आम्ही देऊळघाटचे, घरी वांगी-मेथीचा मळा. मला पुढे बी.पी.एड. करायचं होतं आणि वडिलांना माझं लग्न. शेवटी त्यांनी तोड काढली. म्हणाले, ‘विद्यापीठाच्या टीममधी नाव आलं तं शिक आणखी दोन वर्षं. नाही आलं तं पाहुण्यायले बलावतो. मंग रडाचं नाही.’ मी कबूल झाले. माझ्या पायांवर माझा भरवसा होता. माझ्या तीन प्रशिक्षकांचा हिशेब मी धरला नव्हता.

त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आमच्याच मैदानावर होती. विद्यापीठाचा संघ निवडायला दोघंजण आले होते, त्यातल्या एक टोपी घातलेल्या बाई स्वतः खेळलेल्या होत्या. ते त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं. दोघं कडुलिंबाखाली बसले. वडील सकाळचा भाजीपाला विकून आले आणि भिंतीजवळ उभे राहिले. मैदानाच्या दुसऱ्या बाजूला मंडप, हार, समई, आणि एक रिकामा सोफा. सोफा संस्थेच्या अध्यक्षांचा, म्हणजे साहेबांचा. साहेब साखरखेर्ड्याला एका साखरपुड्यात अडकले होते.

पंच म्हणाले, आम्ही थांबणार नाही. शिट्टी वाजायच्या आधी मोठ्या सरांनी आम्हाला गोल उभं केलं. चेहरा असा, जणू घरात कुणी आजारी आहे.

‘पोरीहो, नीट आयका. साहेब येऊन राह्यले. ते येईलोक गोल करू नोका.’

आम्ही हसलो. आम्हाला वाटलं, ताण हलका करायला म्हणतायत.

‘हासाचं काय त्याच्यात? साहेब आले, अन् गोल आधीच होऊन गेला, तं त्यायनं पाहाचं काय? चेंडू इकडं तिकडं फिरवत राहा. मी हात वर केला का मंग मारा.’

समोरच्या संघाला थांबायला कोण सांगणार, असं आमच्या गोलकीपरने विचारलं. कोच म्हणाला, ‘तू फक्त अडव ना.’

सामना सुरू झाला. मोठे सर रेषेवरून पळत होते, कानाला फोन. ‘निघाले! निघाले साखरखेर्ड्याहून!’ असं ओरडायचे, जसं काही आम्हीच त्यांना आणायला गाडी पाठवली होती. आमच्या पोरी घाबरून चेंडू मागे मागे देत होत्या. लिंबाखालच्या बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या आठ्या मला दिसल्या. असं खेळणाऱ्या पोरीला कोण निवडेल?

तेवढ्यात चेंडू माझ्या पायात आला. समोर एकच पोरगी, तिला मी डावीकडे झुकवून उजवीकडून निघाले. पुढे फक्त त्यांची गोलकीपर. मागून सरांचा आवाज येत होता, ‘थांब! थांब वं! थांब!’ मी मारला. खालून, कोपऱ्यात. जाळीचा आवाज आला आणि टोपीवाल्या बाई उभ्या राहिल्या. वडिलांनी टाळ्या वाजवल्या. मग मोठ्या सरांचा चेहरा पाहून त्यांनी हात खाली घेतले.

मोठ्या सरांनी तिथल्या तिथे मला बाहेर काढलं.

‘काऊन वं? सांगतलं होतं का नाही?’

‘सर, गोल मोकळा होता.’

‘मोकळा दिसला म्हणून मारतं काय? साहेब आताशीक चिखलीत आले! बस इथी. साहेब आले का पाठवतो तुले, मंग मार कितीक मारतं ते.’

‘सर, एकदा बाहेर आलं की परत जाता येत नाही.’

‘मले शिकवतं काय? आउट झालेला जिवंत होत नाही काय?’

कबड्डीत होतो. फुटबॉलमध्ये बदललेली खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही, हे आमच्या गल्लीतल्या चड्डीतल्या पोरांनाही माहीत होतं. मी कोचकडे पाहिलं. त्याने गॉगल पुसला. मॅडम म्हणाल्या, ‘बस गं, पाणी पी.’

साहेब आले तेव्हा दुसरा हाफ सुरू होता आणि समोरच्यांनी आमच्यावर दोन गोल चढवले होते. आमची गोलकीपर जीव तोडून अडवत होती. साहेब सोफ्यावर बसले, गळ्यात हार पडला, आणि मोठ्या सरांनी मला हात धरून रेषेवर नेलं. पंचांनी हाताने नाही म्हटलं. सरांनी हुज्जत घातली. पंच म्हणाले, ‘सर, तुम्हीच बाहेर काढली ना तिला? तिचा सामना संपला.’ हे सगळं साहेबांच्या डोळ्यांसमोर.

‘काय भानगड हाये?’ साहेबांनी विचारलं.

तीन वर्षांत मोठ्या सरांना एवढं चपळ मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, ‘काही नाही साहेब. पोरीच्या गुडघ्याले लागलं. लय लागलं. तरी म्हणते, साहेबायसाठी खेळतो.’

मी म्हटलं, ‘सर, मले कुठी...’ तेवढ्यात मॅडमनी माझा खांदा दाबून मला खुर्चीवर बसवलं आणि कानात म्हणाल्या, ‘साहेबांसमोर नको.’ मग पर्समधून पट्टी काढली. माझ्या धडधाकट गुडघ्याला त्यांनी ती गुंडाळली आणि सेफ्टी पिन लावली. कोचने व्हिडिओ काढला. साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. या तिघांनी एकदा तरी मिळून काम करावं म्हणून मी तीन वर्षं वाट पाहत होते. ते त्यांनी त्या दिवशी केलं, आणि कुणी एकही चूक केली नाही.

टोपीवाल्या बाई लिंबाखालून उठून आल्या होत्या. मला कशाला बाहेर काढलं, हे विचारायला येत असणार. त्यांनी पट्टी पाहिली आणि परत गेल्या.

सामना आम्ही हरलो. संध्याकाळी विद्यापीठाच्या संघाची नावं वाचली. आमच्या गोलकीपरचं नाव आलं, तिला मी मिठी मारली, आणि मिठी मारल्या मारल्याच कळलं की माझं येणार नाही. बाई जवळ येऊन म्हणाल्या, ‘तुझं नाव मी धरलं होतं. पण जखमी मुलीला नेता येत नाही गं. गुडघा सांभाळ.’

मी पट्टी ओरबाडून काढली. तिथेच उड्या मारल्या, खाली बसले, उठले. ‘काही झालं नाही मॅडम, पाहा ना!’

मोठे सर शेजारीच होते. हसून म्हणाले, ‘खेळाची हौस मोठी आहे मॅडम. दुखणं लपवतात पोरी.’ कोचने मान हलवली. मॅनेजर मॅडम पट्टीची घडी करत होत्या, त्यांनी वर पाहिलंच नाही. बाई म्हणाल्या, ‘असं लपवू नये.’ आणि गेल्या. त्यांना मी दोष देत नाही. तीन शिकलेली माणसं एका बाजूला, आणि उड्या मारणारी मी एका बाजूला.

मग वडील आले. मला वाटलं, ते तरी काही बोलतील. त्यांनी मोठ्या सरांना दोन्ही हात जोडले. ‘तुमच्या ध्यानात आलं म्हणून बरं झालं सर. आमाले तं कळलंबी नसतं.’ सर म्हणाले, ‘अहो, आपलंच लेकरू आहे.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोठ्या सरांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीला लाथ मारायची माझी तयारी होती, आणि लाथ मला चांगली मारता येत होती.

घरी आल्यावर वडिलांनी करडीचं तेल कोमट केलं आणि माझ्या गुडघ्याला चोळायला बसले. ‘बाबा, मले काही झालं नाही. ते खोटं बोलले.’

‘एवढे शिकलेले सर खोटं काऊन बोलतीन वं?’

रोज संध्याकाळी ते तेल चोळत राहिले, इतक्या हलक्या हाताने, की मला त्यांच्यावर चिडताही येईना.

ठरल्याप्रमाणे पाहुणे बोलावले. रोहिणखेडकडची मंडळी होती, शेतीवाडी बरी, मुलगा कृषी केंद्रात. मी साडी नेसून पोहे दिले, खाली बसले. मुलाच्या आत्याने सगळं विचारून झाल्यावर आवाज खाली आणला. ‘राग नोको मानू पोरी. मोबाइलवर पाह्यलं आम्ही तुह्या गुडघ्याचं. जराक चालून दाखवतं काय?’

म्हणजे कोचचा तो व्हिडिओ गाणं लावून रोहिणखेडपर्यंत पोहोचला होता. मी वडिलांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

मी उठले. पदर खोचला, निऱ्या वर ओढल्या आणि दारातून बाहेर पळाले. चालले नाही, पळाले. मळ्याच्या बांधापर्यंत, विहिरीला वळसा घालून, मेथीच्या वाफ्यांमधून, सामन्यात पळायचे तशी, आणि तशीच परत. दारात येऊन उभी राहिले. दम लागला नव्हता. आत्याबाईंच्या हातातला चमचा हातातच होता. ‘कळवतो आम्ही,’ असं म्हणून मंडळी उठली.

वडील अंगणात बसून राहिले. मग माझ्याजवळ आले.

‘दुखलं नाही?’

‘नाही.’

‘जराकबी नाही?’

‘नाही बाबा.’

त्यांनी मेथीच्या वाफ्यांतल्या माझ्या पावलांकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘त्यायनं कळवाच्या आंधी आपणच नाही म्हणून कळवू.’ आणि स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहत म्हणाले, ‘मंग मी त्या माणसाले हात काऊन जोडले वं?’