पिसाचा सरळ मनोरा

भिकन पगाऱ्यांना वाकडं खपत नाही. जेल रोडच्या कॉलनीत कुणाच्या लग्नाची पत्रिका छापून आली की ती आधी त्यांच्या नजरेखालून जाते, कारण ते रस्त्यात अडवून मागून घेतात. डावीकडची कड उजवीकडच्यापेक्षा दोन दोरे, म्हणजे पाव इंच, जास्त सुटलीय, असं ते नवरदेवाच्या बापाला सांगतात. तो बिचारा नवरीचंच नाव चुकलं की काय म्हणून घामाघूम झालेला असतो. चौदा एप्रिलला झेंड्याचा खांब उभा राहिला की भिकनराव लांब जाऊन एक डोळा मिटून बघतात, आणि चार जणांनी घाम गाळून रोवलेला खांब पुन्हा उपटायला लावतात.

माणसाची चूक म्हणावी तर तीही नाही. चौतीस वर्षं नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये हेच काम. छापलेला कागद उचलायचा, चारी कडा बघायच्या, शाई बघायची, केसाएवढी खोट दिसली तरी बाजूला. बाजूला काढलेला कागद नष्टच होणार, त्याला माफी नाही. आणि सुट्टी झाली की गेटवर झडती. हात वर करा, डबा उघडा. रोज. ज्याच्या नजरेवर एवढा भरवसा, त्याच्या खिशावर नाही, हे भिकनरावांनी चौतीस वर्षं गिळलं. रिटायर झाले त्या दिवशी गळ्यात हार घेऊन घरी आले आणि बायकोला म्हणाले, "कुसा, आजपासून कुणापुढं खिसे उलटे करणार नाही. माझा शब्द हाच पुरावा."

कुसाबाई म्हणाली, "बरं. डबा द्या घासायला."

मागल्या मे महिन्यात पुण्याला नोकरी करणाऱ्या संतोषनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, दोघांना टूर कंपनीबरोबर बारा दिवस युरोपला धाडलं. सोबत एक नवा फोन दिला. इथवर ठीक होतं. पण जाता जाता त्यानं बापाला फोनमधली एक सोय शिकवली: बोट सरकवलं की फोटो फिरून सरळ होतो आणि कडेचा फापटपसारा कापता येतो.

झालं. बाकीची मंडळी बसच्या खिडकीतून डोंगर बघत होती, आणि भिकनराव मान खाली घालून माल तपासत होते. पॅरिसच्या आयफेल टॉवरचा फोटो कुसाबाईसकट निघाला होता, पण ती मधोमध नव्हती. कापली. रोमचं कोलोसियम एका बाजूनं पडकं आहे, त्यामुळं दोन्ही अंगं सारखी येईनात. पडकी बाजू कापली, आणि जे उरलं ते एखाद्या आयटीआयच्या इमारतीसारखं दिसायला लागलं. लंडनच्या घड्याळासमोर एका गोऱ्याचं डोकं आलं होतं, तेही गेलं. मूळ फोटो खोडून टाकले. खोट असलेला माल ठेवायचा नाही.

पिसाच्या मनोऱ्याशी मात्र ते हिरवळीवर अर्धा तास झुंजले. सगळं जग त्या मनोऱ्याला हाताचा टेकू देऊन फोटो काढत होतं, आणि हा एकटा माणूस फोन कलता धरून मनोरा उभा करत होता. मनोरा सरळ झाला की माणसं घसरगुंडीवरून खाली चाललेली दिसत. मग माणसं कापली. हिरवळ कापली. शेवटी निळ्या आभाळात काटकोनात उभा असा पांढरा मनोरा तेवढा उरला. भिकनरावांना वाटलं, आठशे वर्षांत याच्याकडं कुणी नीट बघितलंच नसेल.

घरी आल्यावर त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर असे एकशे चाळीस फोटो टाकले. पहिल्या दिवशी टाळ्यांची आणि फुलांची चित्रं आली. दुसऱ्या दिवशी धोंडीराम गांगुर्डेचा मेसेज आला.

धोंडीराम हा कॉलनीच्या समितीचा सेक्रेटरी. दोन वर्षांपूर्वी त्यानं आयुष्यभराची पुंजी घालून घर बांधलं. घरभरणीच्या दिवशी, जेवणाच्या पंगतीत, शंभर माणसांदेखत भिकनरावांनी त्याला सांगितलं होतं की कंपाउंडची भिंत अर्धा इंच बाहेर गेलीय. धोंडीराम तेव्हा हातात जिलबीचं ताट घेऊन उभा होता. ते ताट त्यानं आजवर खाली ठेवलं नव्हतं म्हणा ना.

त्यानं लिहिलं ते अगदी सभ्य होतं. फोटो फार सुंदर आहेत, वाण्याच्या कॅलेंडरवर असतात तसेच आहेत. एकाही फोटोत भिकनराव नाहीत, वहिनी नाहीत, माणूस नाही, कुत्रं नाही. आणि खाली शेवटची ओळ: "ज्यानं हे फोटो नेटवरनं उतरवले, त्याला एवढं तरी ठाऊक पाहिजे होतं का पिसाचा मनोरा वाकडा असतो."

आता ग्रुपवर हसणाऱ्या तोंडांचा पाऊस पडला. ज्यांचे ज्यांचे खांब आणि पत्रिका आजवर पकडल्या गेल्या होत्या, ते सगळे हसले. रविवारी विहाराच्या हॉलमध्ये भिकनरावांचा 'युरोप दर्शन' कार्यक्रम आधीच ठरलेला होता. धोंडीरामनं सुचवलं, येताना पासपोर्ट आणा, शिक्का बघू, विषय संपेल.

कुसाबाईचंही तेच म्हणणं. कपाटात पासपोर्ट आहे, न्या, आपटा त्याच्यापुढं.

"नाही," भिकनराव म्हणाले. "चौतीस वर्षं दाखवलं. मी जाऊन आलो म्हणतोय, तर जाऊन आलो. झडती द्यायची नाही."

"मग लोक खोटारडं म्हणतील."

"म्हणू दे."

पण म्हणू दे म्हणणाऱ्या माणसाला शनिवारी जेवण गेलं नाही.

रविवारी हॉल भरला. एवढी माणसं एरवी वर्गणीच्या मीटिंगला येत नाहीत. मोबाइल दुकानवाल्या रविराजनं प्रोजेक्टर लावला. भिकनराव इस्त्रीच्या शर्टात उभे राहिले आणि एकेक फोटो दाखवायला लागले. आयफेल टॉवर आला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, एकलहऱ्याच्या विजेच्या लाइनीचा खांबय. कोलोसियमला कुणीतरी विचारलं, इथं वेल्डरचा कोर्स हाय का. भिकनराव ऐकू न आल्यासारखं करत राहिले. त्यांचे कान मात्र लाल झाले होते.

मग पांढऱ्या पडद्यावर पिसाचा मनोरा उभा राहिला. ताठ. शाळेच्या मैदानातल्या पोरासारखा.

धोंडीराम उठला आणि हात जोडून म्हणाला, त्याला कुणाचा अपमान करायचा नाही, पण कॉलनीत बोललं जातंय की वहिनी ते बारा दिवस सिन्नरला भावाकडं होत्या. भिकनराव कुठं होते ते त्यांचं त्यांनी सांगावं.

भिकनरावांचा शब्द हाच पुरावा, हे खरं, पण ऐन वेळी शब्दच येईना.

उठली ती कुसाबाई. नवऱ्यावर आळ होता तोवर ती गप्प होती. तिच्या पायांना मात्र अजून फोड होते, रोमच्या दगडांचे, आणि ते पाय कुणी सिन्नरला नेऊन ठेवतंय हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

"रविराज," ती म्हणाली, "हा माझा मोबाइल घे. याच्यातला लाव."

कुसाबाईनंही फोटो काढले होते, हे भिकनरावांना पडद्यावरच कळलं. ते तिनं मोबाइलसकट बारा दिवस पर्सच्या चोरकप्प्यात, शेंगदाण्याच्या चटणीखाली लपवून आणले होते. तपासणीला दिले असते तर एकही वाचला नसता.

पडद्यावर आधी एक गुलाबी ढग आला. निम्मा फोटो त्यानंच खाल्ला होता. उरलेल्या निम्म्यात पिसाचा मनोरा होता, चांगला दणकून कललेला. त्याच्यापुढं भिकनराव होते, एक पाय उचललेला, मान उलट्या बाजूला मोडलेली, जीभ दातांत, दोन्ही हातांत तिरका फोन. मनोऱ्याला सरळ करता करता माणूस स्वतःच पडायच्या बेतात आला होता. मागं दोन गोऱ्या बाया मनोऱ्याकडं पाठ करून यांच्याकडं बघत होत्या.

पहिल्यांदा कोण हसलं ते सांगता येत नाही. पण धोंडीराम हसता हसता खुर्चीवर बसला आणि त्याला रुमाल लागला. एवढा खरा भिकन पगारे नेटवर मिळत नाही, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

भिकनराव पडद्याजवळ गेले. चष्मा वर केला. चारी कडा बघितल्या. सवय.

"हे गुलाबी काय आलंय कोपऱ्यात?"

"माझा अंगठा हाय," कुसाबाई म्हणाली. "सिन्नरला नव्हता तो."

मग लोक तिचेच फोटो मागायला लागले. एकही सरळ नव्हता. त्यात कोलोसियमच्या दारात तिची चटणी चाखून डोळे पुसणारी झाडूवाली होती, आणि कोलोसियम आपल्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांच्याच वयाचं असून लेण्यांना कुणी रांग लावत नाही, हेही कुसाबाईनं सगळ्यांना सुनावलं. भिकनराव पहिल्या रांगेत बसले. प्रत्येक फोटोला हळूच "कललाय" म्हणत होते. विसाव्या फोटोनंतर तेही थांबले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो अंगठ्याचा फोटो आपल्या मोबाइलवर मागवून घेतला. बोट सरकवून बघितलं. मनोरा सरळ केला की भिकनराव आडवे पडत. भिकनरावांना उभं केलं की मनोरा हिरवळीवर. तासभर खटपट केली आणि होता तसा राहू दिला. मोठा करून फ्रेम करून आणला.

भिंतीला लावायचा तर गवंड्याची पाणसळ हवी. कॉलनीत ती एकाकडंच होती. अर्ध्या इंचाच्या त्या भानगडीनंतर धोंडीरामनं विकत घेतली होती. मागायला गेले तर तो पाणसळ घेऊन स्वतःच आला, फ्रेमवर ठेवली, बुडबुडा बघितला, मग दारापर्यंत मागं गेला आणि एक डोळा मिटला.

"भिकनराव," तो म्हणाला, "डावीकडं एक दोरा."

भिकनराव निमूट स्टुलावर चढले.