पेटीतला बर्फ

हे मी पोरीलाही सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो — सांगतो म्हणजे काय, दोनदा कागद फाडला.

त्या दुपारी आम्ही दोघं नवराबायको उकडलेल्या कैऱ्यांची सालं काढत बसलो होतो. पन्हं करायचं होतं. आमची शेवटची साधी दुपार ती. बाजूला आमच्या वैशालीची थर्माकोलची पेटी. पोरगी कॉलेजात यीस्टवर — पाव फुगवतात ना, त्या यीस्टवर — काम करते. यीस्ट तापवायचं, लगेच गोठवायचं, अन् त्यातला कोणता जीन तापल्यावरही तेवढंच काम करतो, कमी-जास्त होत नाही, ते शोधायचं. म्हणाली होती, "बाबा, मोजपट्टीच आखडली-पसरली तं बाकीचं मोजू कशानं? मले पक्की पट्टी पाह्यजे." त्या गोठवलेल्या यीस्टच्या नळ्या पेटीत बर्फात पुरून ती नागपूरला तपासायला नेणार होती. मैत्रिणीकडे जाताना बजावून गेली — झाकण उघडायचं नाही.

मी उघडलं. काऊन? पन्हं गार पाहिजे होतं. एवढंच.

"अहो, पोरीच्या पेटीले हात नोका लावू!" ही ओरडली.

"एवढ्याशा बर्फानं काय होते वं?"

मोठा गोळा काढला. झाकण नीट बसलं नाही, ते मी पाहिलं — अन् तसंच सोडून पन्हं प्यालो.

पोरगी परत आली, घाईत पेटी उचलून गाडीला गेली. संध्याकाळी मलकापूर स्टेशनावरून तिचा फोन. बर्फाचं पाणी, नळ्या सगळ्या वितळलेल्या. तापवल्यानं काय हललं अन् वितळल्यानं काय, आता कसं ओळखणार? सारी मेहनत गेली. "बाबा, पेटी कोणी उघडली?"

मी तोंडावर बोलणारा माणूस. पिंपळगावात भांडण झालं तर माझा शब्द धरतात. पोरगीही लहानपणापासून तोच धरून चालते.

मी म्हणालो, "तुह्या मायनं."

फोन हिच्या हातात दिला. पोरगी काय काय बोलली, मला ऐकू येत होतं. ही माझ्याकडं पाहत होती. निदान मान तरी खाली घालावी की नाही मी? नाही घातली. ही एवढंच म्हणाली, "हो माय, चुकलं माहं."

मग मला भाकर वाढली. बोलली नाही. काऊन नाही बोलली? भांडली असती तर —

सकाळी ती उठलीच नाही.

पोरगी आली ती आईच्या पायांवर पडली. "आई, नळ्यांचं जाऊ दे वं, माफ कर मले." घर माणसांनी भरलेलं. मी जवळ गेलो. तोंड उघडलं — खरंच उघडलं होतं. मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणालो, "रडू नको. तुह्या मायले समजत नव्हतं त्यातलं."