पायरीबुवा

जिन्यावरून लोखंडी कपाट उतरवायचं तर एक माणूस वर लागतो, एक खाली. खालचा पाठमोरा उतरतो. त्याच्या तोंडासमोर कपाट, पाठीमागे काय आहे ते देवाला ठाऊक. त्याचे डोळे म्हणजे वरचा माणूस. वरच्यानं 'पायरी' म्हटलं की पाय खाली टाकायचा, 'सपाट' म्हटलं की थांबायचं. सोळा वर्षं मी असाच पाठमोरा उतरलो, आणि वर कायम माझा साडू.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. वयानं मोठा, म्हणून घरी मी त्याला अहो-जाहो करतो. कामावर मात्र तू. शंभर किलोचं कपाट हातात असताना 'अहो, जरा डावीकडे घेता का' म्हणत बसलं तर माणूस तिथंच मरायचा. लोकांची बंद पडलेली ऑफिसं रिकामी करायची, हे आमचं काम. टेबलं, कपाटं, फाइली, सगळं खाली गाडीत. साडूची एक गंमत होती. साहेबाची मोठी खुर्ची उचलण्याआधी तो तिच्यासमोर उभा राहून म्हणायचा, "उठा साहेब, बदली झाली तुमची." दरवेळी तेच, आणि दरवेळी आम्ही हसायचो.

दोन वर्षांपूर्वी त्याला नवीनच खोड लागली. नव्या इमारतीत गेलो की चहाच्याही आधी तो रिकाम्या हातानं जिना चढून-उतरून यायचा, एकेक पायरी मोजत. नऊ, सपाट, वळण, नऊ. मुकादम चिडवायचा, "काय बुवा, झाला का जप?" त्यावरून पोरांनी नाव पाडलं, पायरीबुवा. मला वाटलं, वय झालं, माणूस चिकित्सक झाला. चांगलंच आहे की, माझेच पाय वाचतील.

मग एकदा दुपारी चहाचा ग्लास मी त्याच्या कोपरापाशी खिडकीत ठेवला आणि सांगितलंही, "हा घे." तो चाचपडला आणि ग्लास खाली पडून फुटला. मी त्याच्या कानाजवळ हात हलवून पाहिला. ढिम्म. माझं डोकंच सटकलं. तिथल्या तिथं त्याला कोपऱ्यात घेतलं.

"समोरचं दिसतं रे," तो म्हणाला, "मुंगीसुद्धा दिसते. पण नळीतून बघावं तसं. बाजूचं नाही, पायाखालचं नाही." डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली हळूहळू जाईल. दरवर्षी कंपनी डोळे तपासायची, पण अक्षरांचा तक्ता असतो समोरच्या भिंतीवर. तो शेवटची ओळही घडाघडा वाचायचा.

"आणि मी गाढव तुझ्या भरवशावर पाठमोरा उतरतो!" मी ओरडलो.

"म्हणून तर मोजतो," तो म्हणाला.

त्याच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. त्याआधी काम गेलं असतं तर कंपनीची खोली सोडावी लागली असती. दुसरं छप्पर त्याच्याकडे नव्हतं. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "ताईचं घर मोडणार का तुम्ही?" आणि त्याच दमात, "पण तुम्हाला काही झालं तर?" मी म्हटलं, एक काय ते ठरव. ती रडायला लागली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

एकदा धीर करून सेफ्टीच्या मॅडमकडे गेलो. बाई चांगल्या. दर सोमवारी आम्हाला उभं करून नियम म्हणायला लावायच्या. मी ताकाला जाऊन भांडं लपवत बसलो. "समजा मॅडम, एखाद्याला कमी दिसायला लागलं..." त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कोणाला?"

"कोणाला नाही. आपलं समजा."

"मग त्याला उचलण्याच्या कामावरून काढावं लागेल. बसून करायचं काम आपल्याकडे नाही."

दिवसभर खुर्च्या वाहणारी कंपनी, आणि एका माणसाला बसवायला खुर्ची नाही. मी उठून आलो.

शेवटी आम्ही आपसात ठरवलं. मी तोंडाची टकळी चालूच ठेवायची. मी कुठं आहे, पाय कुठं आहे, सगळं बोलत राहायचं. तो ऐकत राहणार. पाच महिने निभावलं. तेव्हा मुकादम म्हणायचा, हा माणूस झोपेत तरी गप्प बसतो का?

त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचं ऑफिस होतं. लिफ्ट बंद. शेवटचं एक फाइलींचं कपाट राहिलेलं, चार खणांचं, गच्च भरलेलं. चावी हरवली म्हणून खण उघडेनात. भरलेलं कपाट जिन्यावर न्यायचं नाही, हा पहिला नियम. मी भांडलो. मुकादम म्हणाला, "एकच राहिलंय रे, गाडी खोळंबलीय." दुसरे दोघे आधीच गाडीत बसले होते. आमच्यासारख्यानं भांडून कधी काय झालंय? उचललं.

सकाळी साडूनं मोजलं होतं, खालच्या टप्प्याला नऊ. दुपारी कोणीतरी ट्रॉली चढवायला शेवटच्या दोन पायऱ्यांवर प्लायवूडची फळी उतरती टाकली होती. आम्हाला कोणी सांगितलं नाही. जिन्यात उजेड अंधुक. सातवी झाली. साडू म्हणाला, "पायरी." नजर असलेला माणूस म्हणाला असता, "थांब, फळी आहे." मी पाय टाकला तो उतारावर, आणि सटकलो.

मी कपाट सोडलं आणि अंग भिंतीकडे झोकलं. छाती अशी आपटली की श्वासच निघेना. पण मी सुटलो होतो, अगदी सुखरूप. कपाट कठड्यावर तिरकं टेकलं होतं, आणि त्याचा सगळा भार कपाटाला गुंडाळलेल्या, साडूच्या हातातल्या पट्ट्यावर. सोमवारचा नियम आहे, वस्तू सुटली तर धरायची नाही. सोडायची आणि बाजूला व्हायचं. साडू हा नियम सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा.

"झालास का बाजूला?" तो ओरडला.

मी मान हलवली.

"अरे, झालास का?"

मी आणखी जोरात मान हलवली. हातसुद्धा वर केला. साऱ्या कंपनीत एकट्या मला ठाऊक होतं की त्याला बाजूचं दिसत नाही. आणि मी मूर्ख माना डोलवत उभा. तो समोर, खाली, जिथं मी असायला हवा होतो तिथं बघत राहिला. त्यानं पट्टा सोडला नाही. मग कपाट फिरलं आणि त्याचा उजवा हात कपाट आणि लोखंडी कठड्याच्या मध्ये गेला.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावलं. ओरडल्या नाहीत. कागद पुढे ओढून म्हणाल्या, "सुटलेलं सोडायचं, हे त्यांना माहीत होतं ना?"

"होतं."

"मग सोडलं का नाही?"

सांगितलं असतं तर आजार लपवून काम केलं म्हणून त्याच दिवशी खोली गेली असती. कामावर जखमी झालेल्याला निदान निवृत्तीपर्यंत राहू देतात. मी म्हटलं, "माहीत नाही." त्यांनी लिहिलं, कामगाराने नियम पाळला नाही. फळीबद्दल लिहिलं, चावीबद्दलही लिहिलं, बाई प्रामाणिक होत्या. पण पहिली ओळ तीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. त्याच्या नावापुढे ते वाक्य पडताना मी समोर बसून बघत होतो. खाली सहीसुद्धा माझीच घेतली.

तिथून तसाच हॉस्पिटलात गेलो. कोपरापर्यंत बँडेज. दोन बोटं काढावी लागली होती. तो छताकडे बघत पडला होता. उशाशी बसलेली ताई म्हणाली, "भाऊजी आलेत." मी कॉटच्या बाजूला, भिंतीपाशी उभा राहिलो. घरच्यासारखं अहो म्हणावं की कामावरचं तू, तेच सुचेना.

"तू बोलला नाहीस रे," तो म्हणाला. "मला वाटलं, खाली सापडलास. म्हणून सोडलं नाही." मग म्हणाला, "लागलं नाही ना तुला?"

मी मान हलवली.

ताईनं ते पाहिलं. तो छताकडे बघत वाट पाहत राहिला.

"आहेस ना तिथं?"

"आहे," मी म्हणालो. "इथंच आहे, भिंतीपाशी. बाजूला आहे. मला काही झालेलं नाही."

एवढंच मला जिन्यात म्हणायचं होतं.